उचलून नको

हवालदार बाबूराव ढवळ्यांना कोणी उचललेलं खपत नसे. दुसऱ्या महायुद्धात होळकरांच्या फौजेतून ते ब्रह्मदेशात लढायला गेले आणि सुरुंगात दोन्ही पाय गुडघ्यापासून गमावून परतले. इंदूरला त्यांनी फळीला लोखंडी चाकं ठोकली आणि हातांनी जमीन रेटत ते गावभर हिंडू लागले. गिरणीत अधू झालेल्यांना ते कुबड्या करून देत. कोणी ‘बिचारा’ म्हटलं, की तीच कुबडी त्याच्यावर उगारत.

मध्यभारतात पहिली निवडणूक आली. बाबूरावांनी फौजी कोट चढवला आणि बायकोला, यशोधराबाईंना घेऊन ते शाळेत गेले. बघतात तर मतदान वरच्या मजल्यावर! जिन्याशी उदयसिंह घामाघूम उभा. गिरणीत त्याचा एक पाय गेला होता.

“वापस जातोय दादा. दोनदा घसरलो.”

मतदान अधिकारी धावत खाली आले. “हवालदारसाहब, फिकर मत करो. ये लड़के आपको उठा लेंगे.”

“मी काय गव्हाचं पोतं आहे?” बाबूराव कडाडले. “पेट्या खाली आणा!”

“कायदे में नहीं है.”

“आणि हा जिना बसतो कायद्यात?”

रांगेतून कोणी हसलं, “चला ना भिया, कशाला तमाशा?”

यशोधराबाईंनी पदर खोचला. “मी वर जाते.”

“तूसुद्धा?”

“मला मत आहे. तुमच्या रागापायी ते का सोडू?”

त्या मत देऊन आल्या. बाबूरावांनी त्यांच्या शाई लागलेल्या बोटाकडे पाहिलंही नाही. मत न देताच ते घरी फिरले.

दुसऱ्या दिवसापासून उदयसिंहला आणि आणखी काही जणांना घेऊन ते एकेका कचेरीच्या दारात ठाण मांडू लागले. “साहेब वर आहेत,” असं शिपाई म्हणाला, की ओरडत, “मग साहेबाला खाली बोलाव!” पोलिसांनी हुसकलं, ओळखीचे लोक रस्ता बदलू लागले. एका दुपारी भाकरी घेऊन आलेल्या यशोधराबाई परत गेल्याच नाहीत. तिथेच बसल्या आणि शिपायाला म्हणाल्या, “माझं मत मी दिलंय. आता ह्यांचं मागायला आलेय.”

काही वर्षांनी नगरपालिकेच्या निवडणुकीत त्याच शाळेच्या अंगणात मांडव घातला गेला आणि पेट्या तिथे ठेवल्या. नवे अधिकारी हार घेऊन पुढे आले.

“उदयसिंहला घाला तो,” बाबूराव म्हणाले. “गेल्या पावसाळ्यात विषमज्वरानं गेला. आयुष्यात एकदाही मत न देता.”

अधिकारी हार हातात धरून तसेच उभे राहिले. बाबूरावांनी फळी मांडवात ढकलली आणि मत दिलं.

“आता तरी राग गेला?” बाहेर यशोधराबाईंनी विचारलं.

“पोस्टाला अजून पायऱ्या आहेत,” म्हणत त्यांनी फळी वळवली.