नेमसिंगाचा शेक

हिंगोलीहून गोरेगावला जायच्या वाटेवर शेळ्यांचं संशोधन केंद्र होतं, तिथं नेमसिंग राखणीला. तांड्यातला माणूस. त्याच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं, त्यामुळं जनावर कोणत्या पायावर रुसलंय हे त्याला खुरांच्या आवाजावरून कळायचं. हिंगोली जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट.

वैष्णवी नावाची पोरगी तिथं शिकायला होती. माणसाचे गुडघे झिजतात ना, त्याचं औषध ती शोधत होती, आधी शेळ्यांवर. भूल देऊन सहा शेळ्यांच्या एकेका गुडघ्यातली सांधा धरून ठेवणारी शीर कापली, म्हणजे गुडघा झिजावा. मग तिघींना औषध टोचलं, तिघींना नुसतं पाणी. दर महिन्याला एक्स-रे. नेमसिंग शेळीला मांडीशी धरून कानात काहीबाही पुटपुटायचा, अन् ती बिचारी हलायची नाही.

सहाव्या महिन्यात घोळ झाला. फिल्मवर पाणी टोचलेल्या तिघींचे गुडघे पार बिघडलेले, हाडाला हाड लागलेलं, कडेला काट्यासारखी टोकं फुटलेली. अंगणात मात्र सहाही जणी सारख्याच ठुमकत होत्या.

"फिल्मा बदलल्या असणार," मोठे साहेब म्हणाले. "उद्यापर्यंत उत्तर द्या, नाहीतर सगळं काम रद्द."

आधीची तयारी धरून दीड वर्षाचं काम! वैष्णवी रडकुंडीला आली. उत्तर नेमसिंगापाशी होतं. सांगावं तर नोकरी जाणार. घरी बायकोला, रुख्मिणीबाईला विचारलं.

"लेकरू रडून राहिलं, अन् तुमी मला काय विचारून राहिले?" ती म्हणाली.

सकाळी तो वैष्णवीपुढं उभा राहिला.

"ताई, म्या शेक देतो त्यांना. रोज. तव्यावर एरंडाची पानं तापवून गुडघ्याला बांधतो."

"मामा! काहून?"

"तकलीफ बघवंना."

"कोणत्या शेळीला दिला?" तिनं घाईनं विचारलं. एखाद-दुसरीलाच दिला असता तर सगळंच पाण्यात.

नेमसिंगाला प्रश्नाचाच राग आला. "कोणत्या म्हंजे? दावणीला सहा हायेत. एकीला शेकायचं अन् बाकीच्यांनी बघत बसायचं? असलं आमच्या तांड्यात होत न्हाई."

वैष्णवी पेंडीच्या पोत्यावर बसली अन् हसायलाच लागली. सहाही जणींना सारखा शेक, म्हणजे तुलना शाबूत. फिल्म खरी होती. शेकानं दुखणं दबलं होतं, झीज नव्हे.

साहेब तासभर ओरडले, पण नोकरी ठेवली. अट एकच, शेक बंद.

मग रोज सकाळी सहाही जणी कुडाशी येऊन उभ्या राहायच्या, अन् नेमसिंग त्यांच्याकडं पाठ फिरवून कडबा तोडायचा. पंधरा दिवसांत तिघी लंगडायला लागल्या, बराबर फिल्मवरच्याच तिघी. वैष्णवी खूश झाली, अन् नेमसिंग दिसताच तिनं मान खाली घातली.

"औषध खरं निघालं म्हणता ना?" तो म्हणाला. "मंग आता या तिघींलाबी टोचा."

"शेवटची फिल्म झाली की टोचते, मामा."

"कवा हाय ती?"

"तीन आठवड्यांनी."

"लई लांब हाय," म्हणत नेमसिंग लंगडीला पाणी दाखवायला गेला.