फियाटचा ग्राफ

सुरतच्या उधना भागातल्या एका कारखान्यात उज्ज्वला बोरसे बारा वर्षं जॅकार्डची कार्डं पाडत होती. समोर चौकटींचा ग्राफ, हाताखाली पंच. चौकट रंगवलेली दिसली की भोक. त्या भोकांवरून लूम साड्यांचे काठ विणत. साड्या कुठं जात, कोण नेसत, ते तिला कधी दिसलं नाही.

१९९८च्या उन्हाळ्यात तिच्या नवऱ्याच्या, हेमराजच्या गॅरेजात भूपेंद्रभाईंची जुनी फियाट आली. कार्बोरेटर काढून त्यांनी हौसेनं तिला पेट्रोल-इंजेक्शनचं परदेशी किट बसवून घेतलं होतं, सोबत एक लॅपटॉप. सपाटीवर गाडी बरी चाले, चढ आला की आचके देई. हेमराज कानानं ऐकून कार्बोरेटर लावणारा माणूस. लॅपटॉप उलटासुलटा करून म्हणाला, "याचा स्क्रू कुठंय?"

डबा घेऊन आलेली उज्ज्वला पडद्याकडे बघतच राहिली. "अहो, हा तर ग्राफ आहे."

होताच. आडवे इंजिनाचे फेरे, उभा इंजिनावरचा भार, आणि चौकटीचौकटीत पेट्रोल किती सोडायचं त्याचा आकडा. गाडी पळताना लॅपटॉप सगळी नोंद ठेवी: फेरे किती, भार किती, पेट्रोल जास्त जळतंय की कमी. नोंद बघायची आणि चूक असेल ती चौकट बदलायची. उज्ज्वलानं आठ दिवसांची रजा टाकली. हेमराज गाडी हाकी, ती शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसे.

सासूबाईंनी, उषाबाईंनी, दारातच अडवलं. "काम सोडीसन गाडीमां फिरी राहिनी! लोक काय म्हनतीन व?"

"आठ दिवस, आई. नाही जमलं तर आपली कार्डं आहेतच."

नोंद सांगत होती, चढावर पेट्रोल कमी पडतंय. तिनं जड भाराच्या म्हणून वरच्या चौकटींतले आकडे वाढवले. आचके तसेच. आणखी वाढवले. शनिवारी गाडी उभ्याउभ्या काळा धूर ओकायला लागली आणि भूपेंद्रभाई नाकाला रुमाल लावून म्हणाले, "बेन, काल बपोर सुधी जोईश. पछी जूनुं कार्बोरेटर पाछुं."

म्हणजे उद्या दुपारी किट जाणार, लॅपटॉप जाणार, आणि सोमवारी ती पुन्हा पंचावर. पंचाचा तिला कंटाळा नव्हता. पण इथं एक आकडा बदलला की सीटखाली कळायचं. आपल्या हातचं काम असं अंगाला लागलेलं तिनं पहिल्यांदाच अनुभवलं होतं.

रविवारी सकाळी चहा गार होईपर्यंत ती आधीची आणि नंतरची नोंद ताडून बघत बसली. उभ्या गाडीत पेट्रोल भसाभसा, चढावर होतं तेवढंच. वाढवलं ते गेलं कुठं? तिनं कडेचे आकडे बघितले आणि अशी हसत सुटली की हेमराज पाना टाकून धावत आला.

"काय झालं गं?"

"मी खालून वर वाचला हो!"

जॅकार्डचा ग्राफ खालून वर वाचतात, कापड तसंच वाढतं म्हणून. तिनं सवयीनं भारही खालून वर चढवला होता. पडद्यावर मात्र बिनभाराची ओळ सगळ्यात वर होती. आठ दिवस ती उभ्या गाडीलाच पाजत होती.

"कारखान्यात असतीस तर काठ पदरावर गेला असता," हेमराज म्हणाला.

"गप बसा." तिनं वरचे आकडे पूर्ववत केले, खालच्या ओळींतले वाढवले. "भार पडायला मला आता वजन हवंय, माणसं बघा."

हेमराजनं आईकडे बघितलं. "मी काय गोणी शे का?" उषाबाई कडाडल्या, पण चपला शोधायला लागल्या. शेजारणीलाही हाक मारली, "सुमन, तूबी चाल! तुनं वजन मन्हापेक्षा जास्त शे."

दुपारी भूपेंद्रभाई आले आणि स्वतः चालवायला बसले. शेजारी उज्ज्वला, मागे तिघं दाटीवाटीनं. तापीच्या पुलाचा चढ लागला. तिसऱ्या गिअरमध्ये त्यांनी पाय दाबला. पडद्यावर उजळलेली चौकट खालच्या, जड भाराच्या ओळीत उतरली, आणि फियाट एकाही आचक्याशिवाय, लोण्यातून सुरी जावी तशी, वर गेली.

"वाह, बेन!" पलीकडे गाडी थांबवून भूपेंद्रभाई म्हणाले, "लॅपटॉप तमारी पासे ज राखो, तुमच्याकडेच. माझ्या साल्यानंपण असलंच किट मागवलंय, त्याची गाडी पाठवतो."

उज्ज्वलानं मागे बघितलं. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"आई, उद्या कारखान्यात..."

"कारखानामां मी जास. सांगस, सून येवाव नही, तिले काम शे." मग त्यांनी भूपेंद्रभाईंच्या खांद्यावर टिचकी मारली. "भाऊ, आखो एक चक्कर मार. ही सुमननी माले चेंदी टाकं, आते मी पुढे बससू."