दहा लाख नऊ

सांडोरहून फोन आला, "इनासमास्तर गेले." खोटं कशाला सांगू, दुःखाच्या आधी सुटल्यासारखं वाटलं... आता ते मला कधीच विचारणार नाहीत. या विचाराची लाज वाटली, ती नंतर.

मास्तरांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. मी बोळिंजला राहणारा निवृत्त कारकून. आकड्यांचं वेड दोघांनाही. रविवारची चर्चमधली मिस्सा आटोपली की मास्तर मला त्यांच्या केळीच्या वाडीत बोलावायचे. पडवीत बसून एखादी मोठी संख्या घ्यायची आणि तिचं कूळ शोधायचं, मूळ की संयुक्त. मोबाइल वर्ज्य, सगळे भागाकार कागदावर. पाच वर्षांपूर्वी आम्ही दहा लाख नऊ घेतली. हजाराच्या आतल्या एकाही मूळ संख्येने भाग गेला नाही, तर ती मूळ. "पाचशेपर्यंतच्या तुमच्या, पुढच्या माझ्या," मास्तर म्हणाले. दोनशेनंतर मला कंटाळा आला. आतून कोळंबीच्या कालवणाचा वास येत होता. "झाल्या सगळ्या," मी ठोकून दिलं, "एकानेही भाग जात नाही."

घरी मन खाऊ लागलं म्हणून उरलेले भागाकार केले. २९३ने भाग गेला... ३४१३ वेळा, बाकी शून्य. पुढच्या रविवारी सांगायला गेलो, तर मास्तर शिकवणीच्या मुलांना अभिमानाने सांगत होते, "ही मूळ संख्या मी आणि मोहनरावांनी पकडली." मीही मुलांसमोर मान डोलावली.

तेव्हापासून त्यांचं प्रत्येक वाक्य मी उलटंसुलटं करून बघू लागलो. एकदा केळीचा घड उतरवताना म्हणाले, "आपली संख्या म्हणजे हजाराचा वर्ग अधिक तीनचा वर्ग. अशी दुसरी जोडी निघाली, तर ती मूळ नाही समजायचं." घरी येऊन खटपट केली, तर जोडी निघाली, ९७२ आणि २३५. म्हणजे म्हाताऱ्याला सगळं कळलंय, आणि हा मला खेळवतोय! त्या दिवशी त्यांनी केळ्यांची एक फणी जास्त दिली, तर वाटलं, कबुली काढण्यासाठी मला गोंजारताहेत.

मास्तरांना जाऊन महिना झाला, त्या दिवशीच्या मिस्सेनंतर त्यांच्या पत्नी रोझीवहिनींनी मास्तरांची वही पुढ्यात ठेवली. "तुमीच बघा, भाऊ. आमाला त्यातलं काय कलत नाय."

मी ते पान शोधलं. मला पकडल्याची खूण शोधत होतो. टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'मूळ. हजाराचा वर्ग अधिक तीनचा वर्ग. दुसरी जोडी शोधायची गरज नाही. मोहनरावांनी तपासलंय.'

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! मला रडू आवरेना.

"काय लिवलंय?" वहिनींनी घाबरून विचारलं.

"माझं नाव."

"मंग तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

वही आता माझ्या टेबलावर आहे. रोज पेन उचलतो, पण त्यांच्या अक्षराशेजारी २९३ लिहायला हात धजत नाही. म्हणून इथे लिहितो. मास्तरांच्या शिकवणीच्या मुलांनो, दहा लाख नऊला २९३ने भागून बघा. मास्तर चुकले नव्हते, मी भागलंच नव्हतं.