भांडं भरलं ती संध्याकाळ

१९८४ साली मी पन्नाशीचा होतो. भातलावणीच्या चिखलात टाचेच्या भेगांतून जंतू शिरला. डोळे पिवळे झाले म्हणून बायकोनं डोक्यावर काविळीची माळ ठेवली. कावीळ उतरली की माळ वाढत खाली पायांपर्यंत येते म्हणतात; पण ती काही खाली उतरेना, वर लघवी बंद झाली, खोकल्यातून रक्त पडलं. मग रत्नागिरीला इस्पितळात नेलं.

डॉक्टर म्हणाले, "काका, एकच जंतू लिव्हर, किडनी, फुप्फुस, तिन्हीकडे बसलाय. लघवी सुटली तर वाचाल."

"बसू दे. मी त्याला उठवतो," मी म्हटलं.

पेनिसिलिनच्या सुया टोचून घेतल्या. एका संध्याकाळी लघवीचं भांडं काठोकाठ भरलं. बायको ते वॉर्डभर दाखवत सुटली.

"अगो, झाकून तरी ने!" मी ओरडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडं पलंगाखालीच ठेवलं आणि भिंत धरून माझ्या पायांनी संडासला गेलो.