आधी समोरच्याचं

"परक्याचं सोनं अंगावर घालावं, पण कुणाचं ते आधी सांगावं."

हे तुळसाचं पालुपद. तिच्या हातच्या घावनांना कुणी चांगलं म्हटलं, की ती हे म्हणायची आणि पीठ भिजवायची रीत मथुरामावशीची असल्याचं सांगून मोकळी व्हायची. मैत्रिणीची छत्री घेऊन कॉलेजात गेली, तर वर्गाच्या दारातच सांगून टाकायची की छत्री हिची. खरं तर हे बोलणंही तिचं नव्हे, बापाचं. आणि तेसुद्धा ती सांगायचीच.

बाप केरूबुवा. लांज्याच्या बाजूला, कातळाच्या पोटाशी वसलेल्या एका कुणबी वाडीचा शाहीर. वर्षभर भात, नाचणी, गुरं; आणि गणपतीच्या दिवसांत पायात चाळ बांधलेल्या गड्यांच्या रिंगणात मधोमध बसून जाखडी गायची. त्याची गाणी गुरूकडून आलेली, गुरूची त्याच्या गुरूकडून. शेवटच्या कडव्यात गुरूचं नाव घ्यायचं आणि आधीच्या एकाही शब्दाला धक्का लावायचा नाही, ही शिस्त. पोरींनी रिंगणात यायचं नाही. पण ओटीवर गाणं चाललं की माजघराच्या दाराआड तुळसा बसलेलीच असायची. तिथंच तिचं सगळं पाठ झालं. लहान असताना भात कांडताना तिनं एका ओळीतला एक शब्द आपल्या सोयीनं बदलला. केरूबुवा हातातली कोयती खाली ठेवून आत आला.

"गुरूच्या ताटात हात घालतस?"

एवढंच बोलला. तुळसानं पुन्हा कधी शब्द बदलला नाही.

ह्या पाठांतराची काठी टेकत ती दहावी झाली, बारावी झाली. वाडीत तिथवर गेलेली ती एकटीच मुलगी. तिचा थोरला भाऊ रामा मुंबईला, वाडीतल्या गड्यांबरोबर एका खोलीत राहायचा. त्याचं म्हणणं, तुळसाला इकडे पाठवा, चार माणसांचा भात शिजवील. तुळसाला रत्नागिरीच्या कॉलेजात जायचं होतं. केरूबुवानं दोघांचंही ऐकून घेतलं आणि ओट्यावर बसून निकाल दिला.

"एक वरीस. पास झालीस तर फुडं शीक. नापास झालीस तर रामाच्या खोलीवर. मग रडायचं नाय."

शाहिराचा शब्द. तो सगळ्या वाडीनं ऐकला.

म्हणून चौऱ्याऐंशीच्या जूनमध्ये तुळसा रत्नागिरीत आली तेव्हा तिच्या बरोबर एक ट्रंक होती आणि पायांना लागलेला चाळा होता. एका जागी बसून तिला वाचताच येत नसे. मथुरामावशी आईची लांबची बहीण. आंब्याच्या कारखान्यात डबे भरायच्या कामावर जायची आणि तेली आळीत मागच्या अंगाच्या एका खोलीत राहायची. त्या खोलीसमोरच्या अंगणात तुळसा पुस्तक धरून ये-जा करायची. माडापासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून माडापर्यंत. तांबड्या मातीत तिच्या पावलांची वाट पडली.

"बस गो बाये एका जाग्यावर," मावशी म्हणायची. "मालक अंगणाचं भाडं येगळं मागील."

"बसले की शब्द पण बसतात, मावशी. उठत नाहीत."

चालूनही ते उठेनात, हे तिचं खरं दुःख होतं. शाळेतला धडा गाण्याएवढा असायचा. पाठ केला की संपला. इथं एकेक प्रकरण म्हणजे सड्यावरची, उघड्या कातळमाळावरची वाट. चालावं तेवढी पुढं आहेच. एक पाठ होईपर्यंत दुसरं यायचं आणि पहिलं सांडायचं. वाचनालयात मुलं एका टेबलावर चार पुस्तकं उघडी ठेवून बसलेली दिसायची. एका वेळी चार गुरूंचं ऐकायचं तरी कसं, हे तिला कळत नसे. पास झालीस तर. नापास झालीस तर. पावलं ह्याच तालावर पडायची.

समाजशास्त्र शिकवायला हेमा अभ्यंकर होत्या. रत्नागिरीतल्याच. बोलणं तुटक, पण पोरांनी लिहिलेली ओळन् ओळ वाचणाऱ्या. त्यांनी पहिला निबंध लिहायला दिला तो 'कोकणातले स्थलांतर' ह्या विषयावर. तुळसानं अभ्यासाला लावलेल्या पुस्तकातलं, धारणकर नावाच्या लेखकाचं, ते प्रकरण पाठ केलं, स्वल्पविरामासकट कागदावर उतरवलं आणि शेवटी आपल्या रीतीनं लिहिलं: 'असे धारणकर गुरुजी सांगून गेले.'

कागद परत आला तो आडव्या लाल रेघेसह. खाली लिहिलं होतं, 'नक्कल. भेटावे.'

"पुस्तक समोर ठेवून लिहिलंस?" बाईंनी विचारलं. प्राध्यापकांच्या खोलीत आणखी दोघे-तिघे चहा पीत होते.

"नाही बाई. तोंडपाठ आहे."

"म्हण बघू."

तुळसानं सुरुवात केली. दुसऱ्या वाक्यापासून तिच्याही नकळत चाल लागली. भूमीची प्रत, पावसाचे मान, दरडोई उत्पन्न, सगळं जाखडीच्या ठेक्यात यायला लागलं. कोपऱ्यातले सर म्हणाले, "अहो, कुणीतरी ढोलकी मागवा." बाकीचे खिदळले. हेमाबाई हसल्या नाहीत. त्यांनी मध्येच हात वर केला.

"थांब. हे शेवटचं वाक्य. ते तुझ्या आईला कसं सांगशील?"

गाण्यात मध्येच अडवलं की पहिल्या ओळीवर परत जायचं, एवढंच तुळसाला ठाऊक. ती परत पहिल्या ओळीवर गेली. बाईंनी मान हलवली.

"आणि शेवटी हे नाव कशाला?"

"ते सांगायलाच हवं. परक्याचं सोनं अंगावर घालावं, पण कुणाचं ते आधी सांगावं. आमचे आबा म्हणतात."

बाईंनी कागदावरचं ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. "ते बरोबर केलंस. इथली पुष्कळ मुलं तेवढंही करत नाहीत. पण तुळसा, डोक्यापासून पायापर्यंत सोनं परक्याचंच, तर त्यात नवरी कुठाय?"

मग बाईंनी रीत घालून दिली. एक परिच्छेद वाचायचा. पुस्तक मिटायचं. तो काय म्हणतो ते आपल्या शब्दांत दोन ओळींत लिहायचं. कशाच्या आधारावर म्हणतो ते लिहायचं. मग आपल्याला काय वाटतं ते.

रीत सोपी होती आणि तुळसाच्यानं होत नव्हती. पुस्तक मिटलं की पुस्तकाचेच शब्द हातात यायचे. ते सोडून दुसरे घ्यायला गेली की माजघराच्या दारात बाप उभा दिसायचा. कागद कोरा घेऊन ती भाट्याच्या खाडीपर्यंत चालत जायची आणि कोरा घेऊन परत यायची. एकदा मिरकरवाड्याच्या धक्क्यावरून येताना हेमाबाईंनीच तिला गाठलं.

"तू अभ्यास करतेस की नुसती चालतेस?"

"दोन्ही होत नाही बाई," तुळसा म्हणाली आणि चालू लागली.

गणपतीच्या सुट्टीत ती वाडीवर गेली. त्या वर्षी देवळासमोर केरूबुवाची बारी लागली होती, म्हणजे दोन शाहिरांचा सवाल-जवाब. समोरची पार्टी राजापूरकडची, तिचा शाहीर महिपतबुवा. दिवेलागणीला महिपतनं सवाल टाकला. लांबलचक पद, बैल मोठा की नांगर, नांगर मोठा की माती, असं वळसे घेत घेत आलेलं. गडी घामाघूम झाले. मग केरूबुवा उभा राहिला. त्यानं उत्तराला हात घातला नाही. आधी महिपतचं सगळं पद आपल्या शब्दांत दोन ओळींत म्हटलं आणि थांबून महिपतकडे बघितलं. महिपतनं हसून मान हलवली: होय, हेच माझं म्हणणं. तेव्हा कुठं ढोलकी उठली आणि उत्तर सुरू झालं.

बायकांच्या घोळक्यात बसलेली तुळसा ताडकन उभी राहिली. शेजारची हौसाकाकू म्हणाली, "गो, काय चावलं?"

लहानपणापासून ती बाऱ्या ऐकत आली होती. पण बाप दुसऱ्याचे शब्द बदलतो, हे आज पहिल्यांदा तिच्या ध्यानात आलं.

सकाळी बांधावर गवत कापताना तिनं विचारलं, "आबा, काल तुम्ही महिपतबुवांचं पद बदललंत."

"बदललं नाय. आटवलं. आमरस आटवतव तसं." केरूबुवानं पेंढी बांधली. "त्याची मान हलली ती बघितलीस? समोरच्याची मान हलल्याबिगर जवाब द्यायचा नाय. नायतर ती बारी नव्हं, भांडान."

"आणि गुरूचं?"

"गुरूच्या शब्दाला हात नाय. गुरू आपल्या पाठीशी असतो. समोर हुबा ऱ्हातो त्याचं मातर आटवायलाच लागतं. सगळी जागा त्याच्याच पदानं भरली, तर तुझा जवाब ठेवशील कुठं?"

तुळसाच्या हातातला विळा थांबला. धारणकरांना तिनं उगाचच इतके दिवस पाठीशी उभं केलं होतं.

रत्नागिरीला परतल्यावर तिनं पुस्तक अंगणातल्या धुण्याच्या दगडावर उभं केलं, आपण समोर उभी राहिली आणि म्हणाली, "तर धारणकरबुवा, तुमचं म्हणणं असं, की..." दोन ओळी बोलून ती पुस्तक उघडून बघायची, त्याची मान हलते का. नाही हलली तर पुन्हा. मथुरामावशी कामावरून आली की शेजारणीला सांगायची, "आधी नुसती चालायची. आता पुस्तकासंगं भांडते. पोफळीच्या वीजघरात माझा भाऊस हाय, त्याला सांगते इजेचा एक झटका दे हिला."

पण कागद भरायला लागले. आणि एक दिवस तेच प्रकरण पुन्हा आलं. 'पुरुष मुंबईस गेल्यावर मागे राहिलेल्या स्त्रिया त्यांच्या मनीऑर्डरीवर अवलंबून असतात.' हे वाक्य तिनं चालीवर घोळून घोळून म्हटलं होतं, प्राध्यापकांच्या खोलीत म्हटलं होतं. पण ते आटवायला घेतलं तेव्हा आत काय आहे ते दिसलं. आत तिची आई सखू होती. लावणी, कापणी, गुरं, सड्यावरून गवताचे भारे. रामाला मुंबईला जाताना तांदळाचं गाठोडं सखूच द्यायची. कोण कुणावर अवलंबून?

तिनं लिहिलं. हेमाबाईंनी वाचून समासात खूण केली: 'तुझ्या आईवरून सगळं कोकण ठरत नाही. विचारून ये.' मग तुळसा मावशीबरोबर कारखान्याच्या फाटकापाशी उभी राहून बायकांना विचारू लागली, दिवाळीत वाडीवर घरोघर विचारून आली. पुन्हा लिहिलं. ह्या वेळी बाईंनी लाल पेन उचललंच नाही.

"ही नवरी," शेवटी म्हणाल्या. आणि कागद परत देताना, "पण एक लक्षात ठेव. वार्षिक परीक्षेचा पेपर मी तपासणार नाही. जे तपासतील त्यांना पुस्तकातलंच लागतं. तुला पास व्हायचंय."

ते बाईंनी सांगायला नको होतं. त्या दिवसापासून तिचे पाय पुन्हा सुटले.

परीक्षेत तोच प्रश्न आला. धारणकरांचं पान जसंच्या तसं डोळ्यांपुढं उभं राहिलं. नुसता हात सोडायचा, पाणी पाटातून जावं तसं उतरलं असतं. बाकाखाली तिचे पाय हलत होते. पुढच्या बाकावरचा मुलगा वळून म्हणाला, "ए, शिवणाचं मशीन थांबव." आधी पास हो, मग काय ते भांड, असं तिनं स्वतःला बजावलं. आणि लिहिलं: 'धारणकर यांचे म्हणणे असे.' दोन ओळी. मग आपला जवाब. तो लिहिता लिहिता घंटा झाली आणि शेवटचा प्रश्न तसाच राहिला.

निकाल लागला तेव्हा एस. टी. स्टँडवर आंब्याच्या पेट्यांची रास होती आणि पेंढा सगळीकडे उडत होता. केरूबुवा धुतलेली टोपी घालून, सखूनं दिलेलं तांदळाचं गाठोडं मांडीशी घेऊन बाकावर बसला होता. तुळसा कॉलेजकडून आली.

"काय झालं?"

"सगळ्यात पास. समाजशास्त्रात नापास. पुढच्या वर्गात बसू देतात, तेवढा एक पेपर फॉर्म भरून परत द्यायचा."

"मंजे नापास."

"एकात."

"मी काय बोल्लो हुतो?" केरूबुवाचा आवाज चढला नाही. "सगळ्या वाडीदेखत बोल्लो हुतो. रामा वाट बघतोय."

तुळसानं गाठोड्याकडे बघितलं. मग बापासमोर येऊन उभी राहिली. पाय हलले नाहीत.

"आबा, तुमचं म्हणणं असं. एक वर्षाची मुदत दिली. पास तर शिकायचं, नापास तर रामाच्या खोलीवर. शाहिराचा शब्द आहे, तो फिरत नाही. बरोबर?"

केरूबुवानं मान हलवली. हलवल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं डोळे बारीक केले.

"आता माझं," तुळसा म्हणाली. "त्या पेपरात मी आवशीबद्दल लिहिलं. पुस्तकातलं पाठ म्हटलं असतं तर सगळ्यात पास झाले असते. आणि माझी आवस रामाच्या मनीऑर्डरीवर जगते, असं माझ्या हातानं लिहून आले असते. ते लिहून पास व्हायचं होतं काय, एवढंच सांगा."

लांज्याची गाडी लागली. लोक पेट्या घेऊन धावले. केरूबुवा बसून राहिला. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर झटकली.

"ह्ये सोनं कुणाचं?" त्यानं विचारलं.

"थोडं बाईंचं. थोडं तुमचं, महिपतबुवांच्या बारीतलं. बाकीचं माझं."

"महिपत्याला पण असं कुणी बांधलं नव्हतं." गाठोडं उचलून त्यानं तिच्या हातात दिलं. "रामाला सांगतो, भात शिजवाय शीक म्हणून. तुझा तो फारम कंदी भरायचा?"

"आज."

"मग हितं काय करतस?"

तांदळाचं गाठोडं कमरेवर घेऊन तुळसा निघाली. पेट्या, हमाल, रिक्षा ह्यांच्यामधून वाट काढत ती रस्त्याला लागली. अंगणात चालायची तसंच ते चालणं होतं, झरझर. फक्त इथं परत फिरवायला भिंत नव्हती.

"बुवा, चढताव का सोडू?" कंडक्टरनं विचारलं.

केरूबुवाचा एक पाय गाडीच्या पायरीवर होता. तो मान वळवून रस्त्याकडे बघत होता, चढाच्या वळणावर तिचा पदर दिसेनासा होईपर्यंत आणि झाल्यावरही. त्याचे ओठ हलत होते. लेकीचं म्हणणं तो दोन ओळींत आटवून बघत होता.