गुरुवारची सुट्टी आणि तिसरं गाणं

आमच्या बँडचा पहिला अल्बम गुरुवारी आला. बाकीचे लोक शुक्रवारी आणतात म्हणे. पण भोसरी-पिंपरीकडच्या बहुतेक कंपन्यांना सुट्टी गुरुवारी. आमच्या घरच्यांनी शुक्रवारी ऐकायचं कधी, कॅन्टीनच्या रांगेत? माणच्या आयटी कंपनीतला आमचा बेस गिटारवाला त्या दिवशी घरून काम करत होता, असं त्याच्या मॅनेजरला अजून वाटतं.

मी गाते आणि गिटार वाजवते. आठवड्याचे उरलेले दिवस चाकणला एका कंपनीच्या क्वालिटी खात्यात, दुसऱ्यांनी बनवलेल्या पार्टमध्ये खोट काढायला. आमच्या संगीताला शूगेझ म्हणतात. गिटारचा आवाज बदलणारी पेडल पायाशी मांडलेली असतात, ती दाबत वाजवायचं म्हणून नजर सतत बुटांवर. गिटारचा आवाज इतका पसरवायचा की गाणाऱ्याचा गळा त्यात बुडून जातो. बुडवायचाच असतो. हे आईला समजावताना माझ्या नाकी नऊ आले.

"एक तर मान वर करून गा, नाहीतर शब्द तरी कळू देत," ती म्हणाली. "दोन्ही नाही म्हणजे काय?"

आईचं एक वेळ ठीक होतं. मला धास्ती पप्पांची होती. त्यांनी तीस वर्षं प्रेस शॉपमध्ये, पत्र्याचे पार्ट ठोकणाऱ्या मशीनवर काढली, आणि त्याच्या जोडीनं वस्तीतल्या गायन पार्टीत कोरस दिला. जयंतीला मंडपात गाताना त्यांचा एकच हट्ट असायचा, शब्द शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत पोचला पाहिजे. पुढे प्रेसच्या आवाजानं कान गेले. कानातलं मशीन आणलं, तर त्यात नुसती भांडी वाजतात म्हणून ते कपाटात ठेवून दिलं. सुरुवातीला ते प्रत्येक वाक्याला "काय?" विचारायचे आणि आम्ही वैतागायचो. मीसुद्धा. "काही नाही" म्हणून मोकळी व्हायचे. मग त्यांनी विचारणंच सोडलं. कुणी काही बोललं की हसून मान डोलावतात. माझं जमलेलं लग्न मोडलं हे सांगितलं, तेव्हाही त्यांनी हसून मान डोलावली होती. त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले होते.

अल्बममधलं तिसरं गाणं मी त्यांच्यासाठी लिहिलं होतं. बँडमध्येही कुणाला सांगितलं नव्हतं. गाणं वाजेल, पप्पा मान डोलावतील आणि विषय संपेल, याची मला खरंच भीती वाटत होती.

रेकॉर्डिंग आम्ही ड्रमवाल्याच्या मामाच्या भोसरीतल्या गाळ्यात केलं. मामांनी किल्ली देताना एकच अट घातली, जाताना झाडून जा. अशी माणसं भेटतात म्हणून आमच्यासारख्यांचे अल्बम होतात. गुरुवारी आख्खी लेन चिडीचूप असते, तोच आमचा स्टुडिओ. पत्रा घुमू नये म्हणून आईच्या गोधड्या टांगल्या. पण ज्या गुरुवारी तिसरं गाणं सगळ्यात छान झालं, नेमकी त्याच दिवशी शेजारच्या गाळ्यात अर्जंट ऑर्डरसाठी प्रेस चालू होती. कानावर हेडफोन, त्यामुळे आम्हाला पत्ताच नाही. घरी येऊन ऐकलं तर गाण्याखाली धप्प, धप्प. दिवसभर लोकांचे पार्ट रिजेक्ट करते, स्वतःचा मात्र गुपचूप पास केला. पुन्हा तसं गाता आलं नसतं.

तर अल्बम आला त्या गुरुवारी सकाळी सगळ्यांच्या घरचे गाळ्यात जमले. लेथच्या बाजूला सतरंजी, चहा, वडापाव. पप्पांना कासारवाडीहून मी स्कूटरवर आणलं आणि स्पीकरला खेटून खुर्ची दिली. पहिल्या दोन गाण्यांना त्यांनी नेहमीप्रमाणे मान डोलावली. तिसरं सुरू झालं आणि मान थांबली. त्यांनी पुढे वाकून स्पीकरच्या खोक्यावर तळवा ठेवला.

"प्रेस हाय ही," ते ओरडलेच. कान गेल्यापासून त्यांना आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. "क्लच ढिला हाय तिचा. सांगा त्याला, हात जाईल कुणाचा तरी."

ड्रमवाल्यानं कपाळावर हात मारला. मामा खरंच उठून शेजारच्याला फोन लावायला गेले. पप्पांचा हात मात्र गाणं संपेपर्यंत खोक्यावरच होता. मग ते मागे वळले.

"शब्द कळले का रे तुमाला?"

सतरंजीवरच्या सगळ्यांनी नाही म्हणून माना हलवल्या. आईनं तर जोरात.

"कुणालाच न्हाई?" पप्पांना हसू फुटलं. "मला समदी माणसं अशीच ऐकू येत्यात. पण हे बरं वाटतंय." मग त्यांनी माझं मनगट धरलं. "काय म्हणालीस गं त्यात? काय?"

कितीतरी वर्षांनी त्यांनी मला "काय?" असं विचारलं होतं. मी खाली बसले आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. पहिल्यांदा कळलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. या वेळी मी वैतागले नाही. चौथ्यांदा सांगितलं, "लहानपणी फर्स्ट शिफ्टला निघताना तुम्ही माझ्या अंगावर पांघरूण घालायचात ना, तेव्हा मी झोपलेली नसायचे. नाटक करायचे."

 पप्पा आपल्या त्या मोठ्या आवाजात, गाळ्याच्या दारात फोनवर बोलणाऱ्या मामांनाही ऐकू जाईल असं म्हणाले, "ठाऊक हाय मला. म्हणून तर रोज घालायचो."