तुणतुण्याचा इलेक्ट्रॉन

माझा धाकटा भाऊ तंतुवाद्यं दुरुस्त करतो. गल्ली त्याला तुणतुण्या म्हणते आणि तोही खुशाल ओ देतो. सातवीत शाळेने आपल्याला सोडलं, असं तो सांगतो. मास्तर उलटं सांगायचे.

त्याची लेक, माझी पुतणी, मात्र विज्ञान शिकली. गेल्या वर्षी नोकरीसाठी तिला शाळेत नमुना पाठ द्यायचा होता. बापाने हौसेने अणू करून दिला. मधे पितळी गोळी, भोवती तारेचं कडं, कड्यावर मणी. वाटेत हलू नये म्हणून हाताच्या सवयीने मणी सरसाने चिकटवूनही टाकला. पाठ ऐकायला बसलेल्या मोठ्या बाईंनी विचारलं, "फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत जाणार. मग तो केंद्रकात का कोसळत नाही?"

घाबरलेली पोर खरं बोलून गेली, "बाबांनी सरस लावलाय."

वर्ग हसला, नोकरी गेली.

यंदा पुन्हा बोलावणं आलं. वयाच्या अटीमुळे हे शेवटचंच. आदल्या दुपारी ती दुकानात कपाळ धरून बसली होती.

"काका, इलेक्ट्रॉन म्हणजे मणी नाहीच मुळी. लहरीसारखा आहे, कंप पावणारा. मुलांना दाखवू कसं?"

"कंप म्हणजे आमचं खातं," भाऊ मान न उचलता म्हणाला. "जागा किती देतेस त्याला?"

"आत ओढला गेला तर जवळजवळ नाहीच."

भावाने मांडीवरच्या वाद्याची तार छेडली, बोटाने दाबून आखूड केली. सूर चढला. आणखी आखूड केली, तर किंचाळायलाच लागला. "बघ. कोंडलीस की खवळते. निवांत बसायचं नावच नाही."

पुतणी ताडकन उठली. "बाबा, परत करा."

मग तिनेच आम्हाला उलगडून सांगितलं. केंद्रक ओढतं खरं, पण जितकं आत कोंडावं तितका इलेक्ट्रॉन खवळतो. त्या ओढाताणीत तो एका ठिकाणी ठरतो. न दाबलेल्या मोकळ्या तारेच्या सुराखाली जसा तिला दुसरा सूर नाही, तसं त्याला त्याहून खाली उतरायला पायरीच नाही.

दुसऱ्या दिवशी ती वाद्य घेऊन वर्गात गेली. आम्ही दोघे खिडकीशी. बाईंनी तोच प्रश्न विचारला. तिने तार त्यांच्याच बोटाखाली दिली. बाईंनी एकदा दाबली, मग चष्मा काढून आणखी तीनदा.

नेमणुकीचा कागद घेऊन पोर बाहेर आली, तर बाप शाळेच्या भिंतीवर तळवा टेकून उभा.

"म्हणजे ही भिंत उभी आहे ती..."

"त्यामुळेच, बाबा. नाहीतर अणू न् अणू कोसळून सगळं आतल्या आत मिटलं असतं. तुम्हीसुद्धा."

त्याने दुसराही तळवा टेकला. मीही हात टेकला. शाळा सुटली, पोरं धक्के देत पळाली, तरी आम्ही दोघे म्हातारे भिंत सोडेनात.